वाटलेले दिवस

गल्लीच्या तोंडाशी दोन बेकऱ्या समोरासमोर आहेत. डावीकडची काचेची, आत पांढरेशुभ्र दिवे, पाटीवर ठसठशीत एकच नाव. उजवीकडच्या बेकरीला पाटीच नाही. म्हणजे पूर्वी होती. वडील गेल्यावर ती रंगवायला उतरवली आणि नाव कुणाचं घालायचं यावर तीन भावंडांचं एकमत होईना, म्हणून ती भिंतीला टेकून राहिली ती राहिलीच.

ही उजवीकडची बेकरी सोमवारी आणि मंगळवारी आक्काची असते. बुधवारी आणि गुरुवारी मधल्या भावाची. शनिवार-रविवारी धाकट्याची. शुक्रवारी भट्टी विझलेली, त्या दिवशी ती कुणाचीच नसते.

नवख्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण आक्काच्या लोकांत ही रीतच आहे. या शहरात बोटीने आलेल्यांचे दोन समाज. दोघांचेही पणजोबा बंदराचा धक्का बांधायला म्हणून करारावर आले, दोघांनीही त्याच दगडांवर पाठी मोडून घेतल्या. एक बोट आधी आली, दुसरी काही वर्षांनी. म्हणून एकांना आधीचे म्हणतात, दुसऱ्यांना नंतरचे. आक्का आधीच्यांपैकी. समोरच्या काचेच्या बेकरीचा मालक नंतरच्यांपैकी.

आधीच्यांत आईबाप गेले की जे असेल त्याचे सारखे वाटे होतात. मुलगा असो की मुलगी, कुणाला तीळभर कमी नाही. आक्काच्या पणजोबांपाशी पिठाची गिरणी, लाकडाची वखार आणि ही बेकरी होती. ती तीन मुलांत गेली. गिरणीचे पुढे दोन वाटे झाले, एकाने दगड नेले, एकाने मोटार नेली, आणि दळण कुणाचंच होईना. वखारीच्या जागेचे इतके तुकडे झाले की शेवटी त्यावर एक सायकल उभी करता येईना. बेकरी आजोबांकडून वडिलांकडे आली तेव्हा एकच वारस होता म्हणून अखंड राहिली. वडिलांना मात्र तीन मुलं. भट्टी काही कापता येत नाही. वाटायला वस्तू उरली नाही तेव्हा यांनी दिवस वाटले.

नंतरच्यांत तसं नाही. तिथे सगळं एकाच्या हातात जातं, बहुधा थोरल्या मुलाच्या. बाकीचे त्याच्या हाताखाली पगारावर राहतात, नाहीतर आपली वाट धरतात. मुली लग्न करून जातात, विषय संपला.

आक्का अठ्ठावन्न वर्षांची. हाडापेराने मोठी, चष्मा दोरीने गळ्यात, आणि पीठ मळताना ओठ घट्ट मिटलेले. नवरा लवकर गेला तेव्हा सासरच्यांनी तिला हातात एक ट्रंक देऊन दाराबाहेर काढलं. ती इथे आली, बेकरीमागच्या खोलीत राहिली, आणि पुढे वडील गेल्यावर तिला तिचे दोन दिवस मिळाले. कुणी उपकार म्हणून दिले नाहीत. रीत होती म्हणून मिळाले. त्या दोन दिवसांवर तिने मुलगी शिकवली, उजवली. त्यामुळे कुणी आधीच्यांच्या रीतीला नावं ठेवली की आक्का पावाच्या साच्यांचा आवाज जरा मोठा करत असे.

नावं ठेवायला गल्लीतले एक निवृत्त टपालवाले पुढे असायचे. तेही आधीच्यांपैकीच. रोज पाव घ्यायला येत आणि वर्तमानपत्र गल्ल्यावर पसरून उभे राहत.

"वाचलंस का आक्का? दोन्ही समाजांची तुलना आली आहे. स्वतःचं घर असलेली कुटुंबं, त्यांची आपल्या दुप्पट. कॉलेजात जाणारी मुलं, तीही दुप्पट."

"आणि आपली कशात दुप्पट आहेत?"

"आपण आधी आलो."

"मग ते छापलंय का?"

"नाही, तेवढं राहिलं," टपालवाले म्हणाले. "लेखक म्हणतो, ते कष्टाळू आहेत."

आक्काने हात थांबवला. कोपरापर्यंत पीठ होतं. "म्हणजे आम्ही काय इथे लोळतो?"

टपालवाल्यांनी घाईने पाव उचलला.

पण तो शब्द आक्काच्या मनात रुतून बसला. ती पहाटेपासून उभी असते. समोरचा मालक दहाला गाडीतून उतरतो. मग हे असं का, हा प्रश्न तिला पडत असे, आणि त्याचं उत्तर तिच्या डोळ्यांसमोर, भट्टीच्या कमानीत होतं.

कमानीला भेग पडली होती. वडील असतानाच पडली होती, तेव्हा केसासारखी होती. आता तिच्यात बोट जाई. गवंड्याने सांगितलं होतं, कमान पूर्ण उतरवून नव्याने बांधावी लागेल, आणि नंतर मंद आचेवर सुकवावी लागेल. तीन आठवडे भट्टी बंद. तीन आठवडे म्हणजे तिघांचेही दिवस बुडणार. म्हणून जो तो आपल्या दिवशी भेगेत ओली माती थापायचा, आणि ती दोन दिवस टिकली की देवाचे आभार मानायचा. आपण निस्तरलं, आता पुढच्याचं पुढचा बघेल. आक्काही थापायची. हे ती नंतर स्वतःशी कबूल करायची, पण थापायची खरी.

मधला भाऊ रुग्णवाहिका चालवतो. स्वभावाने थट्टेखोर आणि बेकरीच्या कामाला अगदीच निरुपयोगी. त्याच्या दिवशी भट्टीवर त्याची बायको असते. आक्काची ही वहिनी समोरच्या मालकाची सख्खी धाकटी बहीण. प्रेम करून, फक्त रस्ता ओलांडून ती या घरात आली. लहानपणापासून ती समोरच्या भट्टीवर राबली होती. पीठ किती फुगलं ते ती भांड्याला नुसता हात लावून सांगते. बुधवारी-गुरुवारी या बिनपाटीच्या बेकरीसमोर रांग लागते. आक्काच्या दिवशी लागत नाही. आक्काला हे ठाऊक होतं, आणि ते बरं वाटत नव्हतं हेही तिला ठाऊक होतं.

एका गुरुवारी कमानीची वीट सुटली. तापलेली वीट थेट पावांच्या पत्र्यावर पडली, पत्रा उलटला, आणि तो सावरायला गेलेल्या वहिनीचं मनगट भाजलं. आक्का मागच्या खोलीतून धावत आली. तिने वहिनीचा हात नळाखाली धरला. वहिनी रडत नव्हती. ती जमिनीवर पसरलेल्या पावांकडे बघत होती.

"आक्का, पुढची वीट डोक्यात पडेल. माझ्या नाहीतर तुमच्या."

"ते मला दिसतंय गं."

"दिसतंय सगळ्यांना. दुरुस्ती कुणी करायची?"

रविवारी पाव विकून झाल्यावर तिघं भावंडं आणि वहिनी मागच्या खोलीत बसली. दुरुस्तीला कर्ज लागणार होतं, आणि कर्ज देणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, मालक एक हवा. तीन मालकांच्या दोन-दोन दिवसांवर ते पैसे देत नाहीत.

"घ्या ना कर्ज," धाकटा म्हणाला. "पण दुरुस्ती तुमच्या दिवसांत करा."

"तीन आठवडे लागतात, बाबा," मधला म्हणाला. "माझ्याकडे सलग तीन आठवडे बुधवार नाहीत. असते तर तुला दोन उधार दिले असते."

आक्काने गळ्यातला चष्मा काढून पुसला. रात्र रात्र घोळवलेलं वाक्य शेवटी तिने काढलं. "समोरच्यांसारखं करू. बेकरी एकाच्या हातात देऊ. बाकीच्या दोघांना त्याने हळूहळू पैसे द्यायचे."

"एकाच्या म्हणजे कुणाच्या? तुझ्या?" धाकट्याने विचारलं.

"नाही. वहिनीच्या."

मधल्याला थट्टा सुचली नाही, हे फार दुर्मिळ.

"आक्का, डोकं ठिकाणावर आहे का?" धाकटा उठून उभा राहिला. "बापाची भट्टी समोरच्यांच्या लेकीला? उद्या तिचा भाऊ येऊन इकडे 'शाखा दुसरी' लिहील!"

"माझ्या भावाने मला दारातलं पायपुसणंही दिलं नाही," वहिनी शांतपणे म्हणाली. "तो येणार नाही. आणि आला तर बाहेर उभा राहील."

"वर्तमानपत्रात तुमच्या लोकांचं भलं मोठं कौतुक आलंय," धाकटा म्हणाला.

"आमचं घर श्रीमंत आहे, भावोजी. मी नाही. वर्तमानपत्रवाले दारातून आत डोकावत नाहीत." मग ती आक्काकडे वळली. "मी घेईन. पण एक सांगते, राग येऊ देऊ नका. घेतली तर दिवस संपले. सातही दिवस माझे. उद्या कुणी मधेच येऊन वाटा मागायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."

आक्काने वहिनीला भट्टी द्यायची ठरवली होती, पण आपले सोमवार-मंगळवार जातील हे तिने कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती स्वतःलाही तसं म्हणाली नव्हती. वहिनीचा काही वाईट हेतू नव्हता. ती ज्या घरात वाढली तिथे असंच बोलतात, आणि म्हणूनच तिथल्या भट्टीची कमान शाबूत आहे.

धाकटा दाराशी जाऊन थांबला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुम्हाला काय कळणार? पाच दिवस मी कचेरीत दुसऱ्याच्या फायली वाहतो. साहेब चहा सांगतो, मी आणतो. शनिवारी इथे आलो की मला कुणी काही सांगत नाही. माझा पाव वाईट असेल. पण तो माझा असतो. मला पैसे नकोत, आक्का. मला माझे दोन दिवस हवेत."

आक्काला त्याचं म्हणणं पुरतं समजलं. हेच तर तिचंही म्हणणं होतं. विधवा बाई म्हणून जग तिच्याशी ज्या आवाजात बोलायचं, तो आवाज सोमवारी आणि मंगळवारी या दाराबाहेर राहायचा. जी रीत तिच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या चिमूटचिमूट करत होती, तिनेच आक्काला उभं ठेवलं होतं. आणि आता भट्टी वाचवायची तर ती रीत तिलाच मोडायला लागणार होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आक्काने भट्टी पेटवलीच नाही. गिऱ्हाइकांना समोर पाठवलं. मंगळवारीही नाही. बुधवारी वहिनी आली, तिने थंड भट्टीकडे बघितलं आणि जाऊन साचे घासत बसली. शनिवारी धाकटा लाकडाची मोळी घेऊन आला तेव्हा आक्का भट्टीच्या तोंडासमोर स्टूल टाकून बसली होती.

"उठ, आक्का."

"ती कमान तुझ्या डोक्यात पडेल."

"पडू दे. माझा दिवस आहे."

"तुझाच आहे. माझ्या वाट्याचे जे पैसे ठरतील, तेही तू घे. सगळे. मला काही नको."

धाकट्याने मोळी खाली ठेवली. "आणि तू काय खाणार?"

"वहिनीकडे कामाला राहीन. पगारावर."

मोठ्या बहिणीला हाताने बाजूला करणं त्याला जमलं नाही, आणि तिचं म्हणणंही पटलं नाही. शेवटी त्याने भिंतीवरची आपली लांब दांड्याची फळी काढली, जिने पाव आत सरकवतात ती. "वाटा सोडल्याच्या कागदावर सही करतो," तो म्हणाला. "तुझे पैसे मला नकोत, माझे तेवढे द्या. पण या दारात मी पुन्हा पाव घ्यायलाही येणार नाही." फळी खांद्यावर टाकून तो गेला. त्याच्या घरी भट्टी नाही.

वहिनीच्या नावावर कर्ज मिळालं, कमान उतरली, नवी चढली. गवंड्याने आतून हात फिरवून सांगितलं, आता तुमची नातवंडंही हलवू शकणार नाहीत. मधल्याने पाटी रंगवून आणली. वहिनीने तिच्यावर आक्काच्या वडिलांचं नाव घातलं. टपालवाले खूष झाले. म्हणाले, "पुढच्या वर्षी छापून येईल बघ, आधीचेही आता सुधारले." आक्काने त्यांना सुटे पैसे परत दिले आणि म्हणाली, "धाकट्याचंही छापून येईल का?" टपालवाल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. धाकटा त्या गल्लीतून येत नाही. कचेरीला जायला तो मागचा लांबचा रस्ता धरतो, असं मधला एकदा म्हणाला.

नव्या भट्टीतून पहिला पाव निघाला तो सोमवारी. रंग सारखा, खालची बाजू कुठेही न जळलेली. समोरच्या काचेतून वहिनीचा भाऊ बघत होता. वहिनीने त्याच्याकडे पाठ केली आणि पाव मोजून ठेवले. दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने जमीन पुसली, गल्ला बंद केला, किल्ली पदराला बांधली.

आक्का हात धुऊन आपल्या मागच्या खोलीच्या दाराशी उभी होती. वडिलांच्या या बेकरीत ती जन्मभर कुणालाही न विचारता आली-गेली होती. "वहिनी," ती म्हणाली, "उद्या किती वाजता येऊ?"

"असं काय विचारता आक्का, घर तुमचंच आहे." वहिनी बोलून गेली. मग तिने उद्याचं पीठ, मागणी, हाताखालची माणसं असा सगळा हिशेब मनात केला असावा, कारण क्षणभर थांबून ती म्हणाली, "पाचला आलात तरी चालेल. पण पाचला या."

"बरं," आक्का म्हणाली.