कण्याचे दोन बोल्ट

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही. तुला सांगतोय, पण ऐकताना माझ्याकडे बघू नकोस — नाहीतर जीभ रेटायची नाही.

होडी मी घरीच बांधली. मुळशीच्या पाण्याकाठी आमचं घर, पलीकडच्या काठाला वहिनीचं माहेर. रस्त्यानं धरणाला वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडतो. दादा एकदा सहज म्हणाला, होडी असती तर! झालं, माझ्या डोक्यात भूत शिरलं. हिंजवडीला कंपनीची गाडी चालवायचो; जरा मोकळा झालो की मोबाइलवर होडीचे व्हिडिओ. आळीतले हसायचे — आले इंजिनेरसाहेब! मला राग यायचा. लई राग यायचा.

शेवटी राहिला कणा. होडीच्या पोटाखाली, मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत बसवायचं लांब लाकूड. भोकं पाडली, गोंद लावला, बोल्ट आवळत आलो. शेपटाकडचे दोन तेवढे आखूड पडले. नवे आणले तोवर खंडेनवमी उजाडली होती. वहिनीनं पाना, ड्रिल, हातोडी सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. "भावजी, आज हत्याराला हात लावायचा न्हाई हं," म्हणाली. मी बरं म्हटलं. आणि मग — काय केलं मी? ती दोन भोकं भुसा आणि गोंदाच्या लगद्यानं बुजवली, वरून रंग फासला. ब्रश काय पूजेत नव्हता! उद्या उकरून बोल्ट घालू, म्हटलं.

दसऱ्याला सकाळीच अख्खी आळी दारात. आता होडी पालथी करायची, रंग खरवडायचा, काम अर्धंच झालंय म्हणून सांगायचं — त्या हसणाऱ्यांसमोर? दादानं विचारलं, कणा पक्का बसलाय ना रं? मी छाती ठोकून व्हय म्हणालो.

वहिनी नवी साडी नेसून होडीत बसली, ओटीत आपट्याची पानं; वल्ही दादाच्या हातात. माहेरी सोनं द्यायला निघाली होती. मी काठावर शाबासक्या घेत होतो — आणि मधल्या पाण्यातून दादाची आरोळी आली, होडीत पाणी भरत होतं. दादा पोहला. वहिनीला पोहता येत नव्हतं. हातातून सुटली, म्हणाला.

लोकांनी होडी ओढून काठाला आणली. सगळे वहिनीला शोधत होते, आणि मी — मी आधी शेपटाकडे गेलो. भोकं रिकामी. कणा मागून सुटून लोंबत होता. दादा ऊर बडवत विचारत होता, खाली काय लागलं का रं? आमच्या पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडं आहेत. मी म्हणालो, खोडावर गेली असंल. एवढ्यावर थांबावं की नाही? पुढं म्हणालो, बघून वल्हवायचं हुतंस दादा.

सगळ्यांनी तेच धरलं. नंतर मी होडीचं शेपूट कुऱ्हाडीनं फोडून जाळलं. लोकांना वाटलं, दुःखानं जाळतोय. वहिनीच्या आईनं दादाला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा त्याला हाताला धरून घरी आणणारा मीच.

दादा आता फारसा बोलत नाही. परवा जेवता जेवता घास तसाच हातात धरून म्हणाला, "मीच घातली न्हवं तिला खोडावर?"

मी म्हणालो, "व्हय, दादा."