मालकाच्या मापाची सीट

गाड्यांच्या सीट बसवण्यात गादीवाल्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. त्याचा एकच हट्ट असे. चालवणाऱ्याला आधी खोक्यावर बसवायचं, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत मापं घ्यायची आणि मगच गाडीच्या तळाला भोक पाडायचं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, माप दिल्याशिवाय सुटका नाही.

हा नियम त्यानं एकदाच मोडला, आणि तोही सूड उगवायला.

दारात उभी राहिलेली ती जुनी गाडी त्यानं लांबूनच ओळखली. ती त्याच्या जुन्या मालकाची होती. ऐन उमेदीत तो याच मालकाच्या कारखान्यात सीट शिवायला होता. एकदा एक कातडं सापडेना, तर मालकानं सगळ्यांसमोर त्याला चोर ठरवलं. तो बोलायला गेला, तेव्हा मालक म्हणाला, "आधी मान खाली घाल. मग बोल." कातडं आठवड्यानं कपाटामागे मिळालं. मालकानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आपला सहा फुटी देह मिरवत हिंडत राहिला. गादीवाल्यानं नोकरी सोडली, पण बावीस वर्षं ते बोलणं काही त्याला सोडेना.

गाडी मालकाची सून घेऊन आली होती.

"जुन्या सीट पार गेल्यात. दुसऱ्या मॉडेलच्या मिळाल्यात, बसतील का? सासऱ्यांनी परत गाडी चालवायचा ध्यास घेतलाय."

"बसवू की."

"त्यांना आणू का माप द्यायला?"

"कशाला? त्यांचं माप मला पाठ आहे."

नव्या सीट जाडजूड होत्या, खालच्या पट्ट्या जुन्या भोकांशी जुळत नव्हत्या. दुसऱ्या कुणासाठी त्यानं सांगाडा तीन बोटं कापून सीट खाली घेतली असती. इथं त्यानं लोखंड जोडून ती आणखी उंच केली. बोल्ट मात्र जीव लावून आवळले. त्याला मालकाचा जीव घ्यायचा नव्हता, ताठा उतरवायचा होता. आता स्वतःच्या गाडीत डोकं टपाला लागून त्याला रोज मान खाली घालूनच बसावं लागणार होतं. दोन दिवस गादीवाला शीळ घालत काम करत होता. बायकोला वाटलं, नवऱ्याला लॉटरीच लागलीय.

तिसऱ्या दिवशी सूनबाईंबरोबर कमरेत वाकलेला एक लहानसा म्हातारा काठी टेकत आत आला. गादीवाला त्याच्या मागे बघत राहिला, मालक कुठे राहिला म्हणून.

"बसा, मामंजी," सून म्हणाली आणि तो म्हाताराच सीटवर चढून बसला. त्याचं डोकं टपाच्या चांगलं वीतभर खाली राहिलं. त्यानं स्टिअरिंग धरलं, समोर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"किती वर्षांनी रस्ता दिसतोय. जुन्या सीटवरून नुसतं चाक दिसायचं. सगळे म्हणत होते, गाडी सोडा आता. तुम्ही न सांगता कसं ओळखलंत हो?"

त्यानं गादीवाल्याला ओळखलं नव्हतं. कारखान्याची, कातड्याची आठवण करून द्यावी, चारचौघांत द्यावी, असं गादीवाल्याच्या अगदी ओठांवर आलं. पण म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी त्याचा हात धरून ठेवला होता.

"माझं काम इतक्या आपुलकीनं कधी कुणी केलं नाही," म्हातारा म्हणाला.

"महिन्याभरानं बोल्ट आवळून घ्या," गादीवाला कसाबसा बोलला.

गाडी गेली. त्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि संतापानं ढसाढसा रडला. बायको बाहेरून विचारत राहिली, कोण होते ते.