बाटलीतलं टोपण

दिवाळी झाली की आमच्या शाळेतली मोठी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. सोनपेठकडच्या या गावात हे दरसालचंच. यंदा सातवीत एकच मुलगी उरली होती, तीही त्यांच्या टोळीला न्यायला गाडी आली नव्हती म्हणून. मी विज्ञानाची बाई. रिकाम्या बाकांपुढं उभं राहून "मुलांनो" म्हणायची माझी सवय काही जाईना. ती मागं वळून बघायची अन् हसायची. "बाई, मी एकलीच हाय."

ती गेली की सातवीला कुलूपच. खरं सांगते, मला तिच्या शाळेची जेवढी काळजी होती तेवढीच माझीही होती. नवरा गेल्यापासून पाथरीच्या दोन खोल्यांत मी एकटी राहते. मूलबाळ नाही. दिवसभरात माझ्याशी धड चार शब्द बोलणारं माणूस म्हणजे ही पोरगी. ती जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

त्या दिवशी प्लावक बल आणि दाब घेतला. कोल्ड्रिंकची मोठी बाटली अन् पेनाचं पारदर्शक टोपण. हल्ली टोपणाच्या शेंड्याला भोक असतं, ते मेणबत्तीच्या मेणानं बुजवलं आणि खाली वजनाला तारेचे वेढे दिले. टोपण पाण्यात उभं तरंगायला हवं, शेंडा जेमतेम वर. बाटली दाबली की ते बुडतं, सोडली की वर येतं. म्हटलं, पोरगी खूश होईल.

बाटली तिनंच भरून आणली. टोपण सोडलं, झाकण गच्च लावलं, दाबली. टोपण ढिम्म! तिनं दाबली, मग दोघींनी मिळून दाबली, मनगटं दुखायला लागली, आणि ते आपलं मजेत तरंगतंय. मी चिडले. तार कमी पडली असेल म्हणून एक वेढा वाढवला, तर तळाला जाऊन बसलं ते उठेचना. ते बाहेर काढता काढता नाकी नऊ आले. वेढा सोडवताना माझं लक्ष बाटलीकडं गेलं. वर चांगली वीतभर रिकामी.

"अगं, पाणी काय विकत आणलंस का? काठोकाठ भर की!"

"काठोकाठ भरल्यावर अंगावर सांडत न्हाई का, बाई?"

घ्या! टँकरवरून डोक्यावर घागर आणणारी पोर ती. भरायचं म्हणजे एवढंच, हे तिच्या हाताला ठाऊक. आम्ही एवढा जोर लावत होतो तो सगळा त्या वरच्या हवेला दाबण्यातच जात होता. आता बाटली तोंडापर्यंत भरली. तिनं नुसती दाबली अन् टोपण सर्रकन खाली!

"आपन तर बाटली दाबली, बाई. मग याला खाली कोन ओढायलंय?"

काय प्रश्न विचारला पोरीनं! मला इतका आनंद झाला की विचारू नका. बाटली तिच्या डोळ्यांपुढं धरली. "टोपणाच्या आत बघ. दाब पाण्यातून सगळीकडं पोचतो, आतली हवा आकसते, पाणी आत शिरतं. मग टोपण पहिल्याइतकं पाणी बाजूला सारत नाही, म्हणून पाणीही त्याला पहिल्यासारखं उचलून धरत नाही. ओढत कुणीच नाही." ती सोडायची, दाबायची, आत चढणारं पाणी बघत बसायची.

दुपारी तिचे वडील आले. गाडी पहाटे येणार होती, तिला घरी न्यायला आले होते. तिनं त्यांच्याही हातात बाटली दिली. त्यांनी दाबली अन् मोठ्यानं हसले. "आयला, लय भारी हाय की हे!"

मला तेवढंच निमित्त. "दादा, हिला मागं ठेवा."

"कुठं ठिवू? माझा भाऊबी तोडीलाच निगालाय."

"माझ्याकडं, पाथरीला. सकाळी माझ्याबरोबर जीपनं येईल, संध्याकाळी माझ्याबरोबर जाईल. दोन भाकरी जास्तीच्या थापायला मला काय जड आहे?"

पोरीनं बापाकडं पाहिलं. त्यांनी बाटली बाकावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "तुमी मानसं लय चांगली, बाई. पन घरी तुमच्या कोन हाय? रातच्याला तुमालाच काई झालं, तर माझी पोरगी तिथं एकली काय करंल?"

मी भांडायला तोंड उघडलं. भांडते मी, गावाला माहीत आहे. शेजारी आहेत म्हणणार होते. पण पावसाळ्यात तापानं पडून होते तेव्हा दाराची कडीसुद्धा कुणी वाजवली नव्हती. रात्री हाक मारावी असं दुसरं नाव आठवून पाहिलं. आठवेना. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती, बाईंना सगळं येतं अशा खात्रीनं. मी बाटलीचं झाकण गच्च लावलं अन् बाटली तिच्या दप्तरात ठेवली.