अंबूआत्याचा चिमटा

आमच्या नागावात अंबूआत्या लहान मुलाला नाव विचारीत नसे. ओटीच्या पायरीवर पोर दिसले, की आपला काटकुळा हात पुढे करी आणि फर्मावी, "काढ चिमटा." पोर भीतभीत चिमटा काढी. मग नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखी डोळे मिटून ती थांबे आणि निकाल देई. माझा निकाल साऱ्या आळीने ऐकला: "झुरळ चावलं तरी यापरीस जास्त लागतं!"

ती माझी सख्खी आत्या नव्हे, शेजारीण. बाया वाडीत कामाला गेल्या, की त्यांची पोरे तिच्या ओटीवर जमत आणि ती त्यांच्यापुढे मातीचा गोळा आदळी.

माझे प्रकरण गंभीर होते. पेन्सिल माझ्या बोटांतून मासळीसारखी निसटे, म्हणून मास्तरांनी मला शाळेतून परत पाठवले होते. "गणपतीनंतर बघू. तेव्हाही जमलं नाही, तर पुढच्या वर्षी." आणि माझा जिवलग येशा तर रोज दप्तर मिरवीत माझ्या दारावरून जाई! मी ओटीवर बसून भोकाड पसरले.

"रडतोस कशाला? साप वळ," आत्या म्हणाली.

मी साप वळले. गोळ्या केल्या. मग आत्याने मोदकावर आणले. कुंपणापलीकडून माझे वडील गरजले, "अंबूताई, त्याला पाटी द्या. चिखलात काय खेळवता?"

"सदू, पेन्सिल तीन बोटांत धरायची ना? मोदकाची कळीबी त्याच तीन बोटांनी काढायची. पोराला कंची गोड लागंल, तूच सांग."

वडिलांना मोदक फार प्रिय. ते कुंपणावरून मागे फिरले.

माझे पहिले मोदक दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखे आत बसत. पण चतुर्थी जवळ आली तेव्हा मूर्तिकाराकडचा उरलेला पांढुरका शाडू आत्याने आणला, आणि काय सांगू, माझ्या मोदकाला कळ्या आल्या! सुबक, एकीला एक लागून. आत्याने तो केळीच्या पानावर ओटीवर वाळत ठेवला.

चतुर्थीला मास्तर घरोघर दर्शन घेत तिच्याकडे आले. बाहेर पाऊस, ओटीवर अंधार, समोर पानावर मोदक. दर्शनाला आलेल्याने मोदक खायचाच असतो. आत्या पाणी आणायला आत गेली आणि मास्तरांनी तो उचलला. मी ओरडायला तोंड उघडतो न उघडतो, तोच...

कर्रकन दात बसले.

"मास्तर, तो माझा!" मी किंचाळलो.

आत्या तांब्या घेऊन दारात उभी. "का हो, गूळ कमी पडला काय?"

"हे... हे कोणी केलं?"

"ह्या झुरळानं."

मास्तरांनी चूळ भरली. उरलेला अर्धा मोदक दाराच्या उजेडात धरून एकेक कळी चाचपली. मग टोपी पडेस्तोवर हसले. "गणपती गेले, की पाटी घेऊन ये रे."

मी गेलो. पेन्सिल बोटांत बसली, कळीच धरल्यासारखी. मास्तर मात्र पुढे जन्मभर कुणाच्याही घरी मोदक आधी फोडून पाहत, मगच खात.

मी नोकरीला मुंबईस लागलो त्या वर्षी गणपतीत घरी आलो, तेव्हा आत्या अंथरुणाला खिळली होती. कोणाला ओळखत नव्हती. मी नाव सांगितले, येशाचे सांगितले, मोदकाचेही सांगितले. काही नाही. उठणार, तोच गोधडीतून तो हात बाहेर आला, पूर्वीहून बारीक.

"काढ चिमटा."

माझ्याच्याने जोर करवेना. हलकेच काढला. आत्या डोळे मिटून थांबली.

"झुरळच," ती म्हणाली.