न उघडणारी फाइल

बुऱ्हाणपूरच्या त्या उन्हाळ्यात आमच्या पिकवणीच्या थंड खोलीतली केळी वेळेआधीच काळी पडू लागली. ऑपरेटर दार उघडं टाकतो, दुसरं काय! सेकंदासेकंदाच्या तापमानाची फाइल मागितली, तर म्हणाला, "भाऊ, बहुत मोठी आहे, खोलली की कॉम्प्युटर अडकतो." बहाणे सगळे! शेवटी मोठ्या फाइली उघडणारा टेक्स्ट एडिटर मीच टाकला आणि त्याला शेजारी बसवून आकडे बघत गेलो. रोज दुपारी एक वाजता तापमान चढलेलं!

"आता बोल, या वेळी दार कोण उघडतं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "तुम्हीच, भाऊ. दारात खुर्ची टाकून गारव्याला डबा खाता ना."