पावरीचं बटण

आमच्या सुरगाण्याकडची माणसं नाशिकला येतात ती द्राक्षबागेत राबायला. मीही दिंडोरीला छाटणीलाच आलो होतो. पण एका बँडवाल्याच्या नादी लागलो आणि कीबोर्डवाला झालो. शहरात मला 'आर्टिस्ट' म्हणायचे. गावात विचारायचे, "नुसती बटणंच दाबतोस ना रे?"

माझा बा पावरी वाजवायचा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे बैलाचं शिंग. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ती घुमली की नाचणाऱ्यांच्या अंगात वारं यायचं, देव यायचा. माझ्या कीबोर्डला मात्र बा डबा म्हणायचा. मला लय राग यायचा.

नव्वदचं दशक संपता संपता आवाज भरून ठेवणारा एक जुना कीबोर्ड हाती लागला. मी त्याच्या एका बटणावर उत्सवातल्या बाच्या पावरीचा तुकडा भरला. नाशिकच्या वरातींत त्याने धुमाकूळ घातला. लोक त्यावर रस्त्यात लोळून नागीण डान्स करायचे. "काय आवाज आहे हो! परदेशी का?" एकाने विचारलं. मी बेधडक 'हो' म्हटलं. सुरगाणा त्यांना परदेशच की!

मग हरसूलजवळ आमच्याच लोकांत एक लग्न निघालं. भर दुपारी वरात मांडवाशी आली आणि मी हौसेने तेच बटण दाबलं. नवऱ्याचा मामा म्हणजे शाळामास्तर, अंगात सफारी, डोळ्यांवर चष्मा. तो थरथर कापत घुमायला लागला. मी झटकन आवाज बंद केला, तरी मामा काही थांबेना.

म्हातारे माझ्यावर धावून आले. "देवाला बोलावलंस ना? आता पोचव माघारी!"

पोचवायची चाल निराळी असते. माझ्या यंत्रात नुसतं बोलावणं होतं. एवढी अक्कल कुठून असणार, आर्टिस्ट ना मी!

बा वऱ्हाडातच होता. दम्यामुळे त्याची पावरी घरी खुंटीला होती. तो येऊन माझ्याशेजारी बसला. "मी गुणगुणतो, तू वाजव." दोन सूर झाले की त्याला खोकल्याची उबळ यायची, तिथून पुढे मी अंदाजाने बोटं चालवायचो. हळूहळू मामा निवला. त्याने पाणी मागितलं, मग चष्मा शोधायला लागला. वरात मांडवात गेली.

आता बा शाबासकी देणार म्हणून मी छाती फुगवून बसलो. बाला धाप लागली होती. तो म्हणाला, "उद्या घरी ये. माघारीची चाल तुझ्या डब्यात भरून घे."

"उद्या कसं जमेल, बा? पुढं सगळ्या लग्नाच्या तारखा हायेत. डोंगऱ्यादेवाला येतोच की, तेव्हा घेऊ."

"तवर माझा दम पुरायचा नाय," बा म्हणाला.