अडीच मेंढ्यांचा डोस

मृत्यूच्या दारातून परत आलेल्या माणसाला आयुष्याचा अर्थ कळतो, असे म्हणतात. मला कळले ते एवढेच, की सलाईन डाव्या हाताला लावून घ्यावे.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "अक्यूट पॅन्क्रियाटायटिस आहे." म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. "वाढली तर जिवावर बेतेल. काय घेतलं होतं?"

घेतले होते पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे. त्याच्या पंधरा दिवस आधी मी मोटारसायकलवरून पडलो होतो. गुडघा सुजला. आष्टीतल्या एका जिमच्या सरांनी लांबूनच पाहून 'लिगामेंट गेलं' असे जाहीर केले आणि दोन बाटल्या दिल्या. एक गुडघ्यासाठी, एक पोट उतरवण्यासाठी. लेबलवर इंग्रजीत होते, 'फक्त संशोधनासाठी. माणसांसाठी नाही.' मी ते थोरल्या भावाला मराठीत सांगितले. आमचे घर मेंढपाळांचे. कळपाला सुई दादाच टोचतो.

"मंजी जनावराचं हाय," दादा खूश झाला. "मंग कावून भितो बे? जनावराचं औषिद लई कडक." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "तू अडीच मेंढ्यांचा भरशील."

त्या मापाने त्याने दोन्ही टोचली. मी एम. ए. आहे. मी सदरा वर धरला.

चौथ्या दिवशी गुडघा दुखायचा थांबला. जणू दुसऱ्याचाच होता. त्याच दिवशी भूक गेली. समोर भाकरी असे. तिचे नाव आठवे, ती कशासाठी असते ते आठवत नसे. कळपाचे कुत्रे माझा हात हुंगून मागे सरके. मग उलटी झाली. तीत परवाची भाकरी होती, गिळली तशीच.

आयसीयूच्या दारात दादा बाटल्या रुमालात धरून उभा राहिला.

"म्याडम, ह्यात जहर होतं का?"

"सांगता येत नाही. लेबलवरचंच बाटलीत असेल असं नाही. आणि हे माणसांवर पुरतं तपासलेलंही नाही."

"मंग ह्याच्या अंगातून जाईल कवा?"

"काय आहे ते कळलं, तर सांगेन."

ते अजून कळलेले नाही. पडल्यापडल्या मी पोटावर हात ठेवून ऐकत असे. आत काहीच हलत नसे.

दवाखान्यातल्या नवव्या दिवशी भूक लागली. दादाने मुगाचे पाणी चमच्याने पाजले आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्याचे आणि डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हाला कोणी अशी बाटली दिली, तर टोचण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आम्ही नंतर दाखवली.

घरी सोडण्याआधी गुडघ्याचा एमआरआय काढला. लिगामेंट शाबूत होते. मुका मार होता.